ओंडक्यांची कोंडी

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन संस्थानांच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट क्रॉय नदीच्या काठी टेलर्स फॉल्स नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे नदी काळ्या बेसॉल्टच्या उभ्या कड्यांमधून, सह्याद्रीतल्या एखाद्या घळीची आठवण व्हावी अशा चिंचोळ्या वाटेने जाता जाता एकाएकी काटकोनात वळते, आणि त्या वळणावर पाण्यात घुसलेला जो खडक आहे त्याला तेथील लोक अँगल रॉक म्हणतात. १८८६ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या जंगलांतून तोडून नदीत सोडलेले पाईन वृक्षांचे ओंडके या खडकाशी अडले, त्यांच्यावर मागून येणारे ओंडके चढले, त्यांच्यावर आणखी चढले, आणि पाहता पाहता कोट्यवधी फूट लाकडाचा एक अस्ताव्यस्त डोंगर नदीच्या पात्रात उभा राहिला. तो फोडण्यासाठी शेकडो माणसे, घोडे, वाफेची यंत्रे आणि सुरुंगाची दारू कित्येक आठवडे राबत होती. आणि ते दृश्य पाहण्यासाठी आसपासच्या शहरांतून लोक आगगाड्या भरभरून येत होते.

त्या कड्यावर मी प्रथम उभा राहिलो तेव्हा या देशात येऊन मला बरीच वर्षे झाली होती, आणि ‘लॉगजॅम’ हा शब्द मी तोवर अक्षरशः शेकडो वेळा ऐकलेला होता. वॉशिंग्टनच्या कायदेमंडळात एखादे विधेयक अडले की वर्तमानपत्रे तो शब्द वापरीत. न्यायालयांतील दाव्यांचा निकाल लागेनासा झाला की वकील तोच शब्द उच्चारीत. कचेरीतील वरिष्ठ अधिकारी कामाचा खोळंबा झाला की तोच म्हणत. परंतु इतक्या वर्षांत त्या शब्दातील लाकूड मला कधी दिसले नव्हते आणि त्यातील पाण्याचा आवाज कधी ऐकू आला नव्हता. परक्या भाषेतील शब्द आपण बहुधा असेच, नाण्यावरची मुद्रा न वाचता नाणे खर्चावे तसे, वापरीत असतो. त्या दिवशी ती मुद्रा मी प्रथम वाचली, आणि पुढील प्रकरणांत जे काही सांगितले आहे त्याचा उगम त्या वाचनात आहे.

या पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगावयाचा तर अमेरिकन इंग्रजीत ‘अडणे’ या क्रियेसाठी जे शब्द घडले त्यांची कुळकथा हा होय. मात्र ती सांगताना मी मराठीला घरी ठेवून निघालेलो नाही; किंबहुना इंग्रजी शब्दाच्या पोटात शिरताना मला पहिला दिवा मराठीनेच दाखविला. आपल्याकडे अडवणुकीचे जे शब्द आहेत ते एकेक करून आठवून पाहावेत. दाराला आतून लावावयाचे आडवे लाकूड तो अडसर. अपराध्याचे पाय ज्याच्या भोकांत अडकवीत ते जड लाकडी साधन म्हणजे खोडा. आणि आजही एखाद्याच्या कामात कोणी खोडा घालतो तेव्हा तो नकळत त्या जुन्या बंदिखान्यातले लाकूडच उचलून आणीत असतो. मोकाट गुराच्या गळ्यात बांधतात ते लोढणे. फटीत ठोकतात ती पाचर. कामाला बसते ती खीळ, आणि ज्याची वाढ खुंटली असे आपण म्हणतो त्याच्या शेजारी ‘खुंट’ हा शब्द उभाच असतो. थोडक्यात, अडवणुकीसाठी मराठीनेही लाकडाचाच आश्रय केला आहे, आणि अमेरिकन इंग्रजीनेही. मात्र या साम्याच्या आत एक भेद दडलेला आहे, व तो भेद हाच या ग्रंथाचा गाभा आहे.

अडसर कोणीतरी लावतो. खोडा कोणीतरी घालतो, पाचर कोणीतरी मारतो, लोढणे कोणीतरी बांधतो. आपल्या या साऱ्या शब्दांमागे एक हात आहे, आणि त्या हातामागे हेतू आहे. म्हणून काही अडले की ‘कोणी अडविले?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आपोआप येतो. लॉगजॅममध्ये असा हात नाही. तेथे जे वाहावयाचे होते तेच थांबलेले आहे, आणि जे थांबलेले आहे तेच मागच्याला थांबवीत आहे. प्रत्येक ओंडका एकाच वेळी अडलेलाही असतो आणि अडविणाराही असतो. मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द म्हणजे ‘तुंबणे’ आणि ‘कोंडी’. गटार तुंबते ते त्यातून वाहून जावयाच्या केरानेच तुंबते. गर्दीत माणसाची कोंडी होते ती इतर माणसांनीच होते. म्हणून या पुस्तकाच्या शीर्षकासाठी मी ‘अडथळा’ हा अधिक प्रचलित शब्द न घेता ‘कोंडी’ हा शब्द घेतला.

हा शब्द जेथे जन्मला त्या व्यवसायाची थोडी हकीकत येथेच दिलेली बरी. एकोणिसाव्या शतकात ईशान्येकडील मेन संस्थानापासून ग्रेट लेक्सच्या पश्चिमेपर्यंत पांढऱ्या पाईनची अफाट अरण्ये होती आणि वाढत्या शहरांना घरांसाठी लाकूड हवे होते. तोड हिवाळ्यात चाले, कारण गोठलेल्या वाटांवरून घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी ओढून नेणे सोपे जाई. तेथे त्यांच्या राशी रचून ठेवीत, आणि वसंतात बर्फ वितळून नद्या फुगल्या की त्या राशी पाण्यात लोटून देत. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर मालकाची निशाणी हातोड्याने ठोकलेली असे, जशी आपल्याकडे गुरांना डाग देण्याची वहिवाट होती. कारण एकाच प्रवाहात अनेक मालकांचा माल मिसळून जाई आणि खाली कोठेतरी त्याची वाटणी करावी लागे. सेंट क्रॉयवर ही वाटणी स्टिलवॉटर गावाजवळच्या ‘बूम’वर, म्हणजे साखळीने जोडलेल्या तरंगत्या ओंडक्यांच्या कुंपणाशी, होत असे, १८५६ पासून १९१४ पर्यंत ते ठाणे चालू होते, आणि अरण्य संपले तेव्हा तेही संपले.

या ओंडक्यांबरोबर चालणारी माणसे, ज्यांना ‘रिव्हर ड्रायव्हर’ म्हणत, बर्फाच्या पाण्यात दिवसचे दिवस भिजत, तळव्याला अणकुचीदार खिळे मारलेले बूट घालून फिरत्या ओंडक्यांवरून धावत. त्यांच्या हातातील मुख्य हत्यार १८५८ च्या सुमारास मेनमधील स्टिलवॉटर या खेड्यातील जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने घडविले: लांब दांडा, टोकाला लोखंडी अणी, आणि बाजूला बिजागरीवर फिरणारा आकडा. त्या लोहाराचे नाव आज त्या हत्याराचेच नाव होऊन बसले आहे. एखादा लोहार शब्दकोशात शिरावा हे मला एखाद्या सेनापतीच्या पुतळ्याहून मोठे स्मारक वाटते.

कोंडी झाली की ही माणसे प्रथम एकच गोष्ट शोधीत, व ती म्हणजे ‘की लॉग’. त्या साऱ्या गुंत्यात कोठेतरी एक ओंडका असा असतो की तो सुटला तर बाकीचे आपोआप सुटतात. मराठीत याला मी ‘कळीचा ओंडका’ म्हटले आहे. आपण ‘कळीचा मुद्दा’ म्हणतो त्यातली कळ हीच: जी दाबली असता सगळे यंत्र हलते ती. तो ओंडका ओळखणे हे कसबी डोळ्याचे काम होते, आणि ओळखल्यावर तो काढणे हे जिवावरचे. कारण ज्या क्षणी तो सुटे त्या क्षणी मागे तुंबलेले पाणी आणि त्यातील सारे लाकूड एकदम त्या माणसाच्या अंगावर येई. मेनमधील बँगर शहरात, जेथून एके काळी जगातील सर्वांत अधिक इमारती लाकूड बाहेर जाई असे सांगत, ग्रंथालयाच्या शेजारी चार्ल्स टेफ्ट या शिल्पकाराने घडविलेले ब्राँझचे शिल्प आहे. त्यात तीन रिव्हर ड्रायव्हर कोंडी फोडण्यासाठी सारा जोर लावून झुंजताना दाखविले आहेत. पंचतंत्रातील मित्रभेदाच्या आरंभीच येणारी पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट मराठी वाचकाला बालपणापासून ठाऊक आहे. अर्धवट कापलेल्या लाकडातील पाचर त्याने काढली आणि लाकडाच्या दोन्ही फाळक्यांत तो चिरडून मेला. त्या गोष्टीचे तात्पर्य ज्यात आपला संबंध नाही त्यात हात घालू नये असे काढतात. परंतु या नदीवरच्या माणसांचा तर तोच उद्योग होता, त्याचीच त्यांना मजुरी मिळे, आणि त्यांच्यापैकी जे बुडाले त्यांना काठावरच पुरून त्यांचे बूट जवळच्या झाडाला टांगीत असे सांगतात. ‘लॉगजॅम फोडला’ असे वर्तमानपत्री वाक्य लिहिणाऱ्याच्या ध्यानी हे बूट येत नसावेत. मला मात्र आता ते दिसतात.

शब्दाच्या दोन अवयवांकडे वळू. ‘लॉग’ म्हणजे ओंडका. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो. त्याच शब्दाची एक विलक्षण शाखा समुद्रावर गेली. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात टाकीत. त्या तुकड्यालाही ‘लॉग’ म्हणत, त्यावरून वेगाची नोंदवही ती ‘लॉगबुक’ झाली, आणि नोंदवहीवरून आज संगणकावर काम सुरू करताना आपण जे ‘लॉग इन’ करतो ते आले. म्हणजे पुण्यातील अभियंता सकाळी आपल्या यंत्रापुढे बसून जी पहिली कृती करतो तिच्याही मुळाशी पाण्यावर तरंगणारे एक लाकूड आहे. ‘जॅम’ची कथा याहून धूसर आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘दाबून अडकणे, चेचले जाणे’ अशा अर्थाने हे क्रियापद दिसू लागते. डॅनियल डिफोच्या १७१९ मधील ‘रॉबिन्सन क्रूसो’त दोन खडकांच्या बेचक्यात अडकलेल्या जहाजासाठी ते वापरलेले आहे. कोणी त्याचा संबंध ‘चावणे’ या अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी जोडतात, कोणी ते नुसत्या ध्वनीवरून घडले असे मानतात. बरणीत फळे दाबून भरल्यामुळे मुरांब्याच्या त्या विलायती भावंडालाही जॅम हे नाव पडले असावे. पुढे वाद्यवृंदातील कलावंत एकत्र येऊन उत्स्फूर्तपणे वाजवू लागले त्यालाही विसाव्या शतकात हाच शब्द चिकटला.

आपल्याकडे तो येताना ‘जाम’ झाला. कडी जाम होते, चाक जाम होते, आणि आंदोलनाच्या भाषेत चक्का जाम होतो; येथे मात्र मराठी स्वभाव पुन्हा प्रकट होतो, कारण चक्का आपोआप जाम होत नाही, तो कोणीतरी जाणूनबुजून करतो. हात नसलेल्या शब्दाला आपण आपला हात दिला.

आता ज्या प्रकरणासाठी मी सर्वाधिक पाने खर्च केली आहेत त्याविषयी. लुइझियानातील रेड नदीवर माणसाने एकही ओंडका सोडण्यापूर्वी कित्येक शतके निसर्गानेच एक कोंडी केली होती, जिला ‘ग्रेट रॅफ्ट’, म्हणजे महातराफा, असे म्हणत. त्या नदीचे काठ मऊ गाळाचे. पुरात ते ढासळत आणि काठावरची झाडे मुळांसकट पात्रात पडत. ती अडकून त्यांच्यावर आणखी पडत. गाळ साचून त्यावर गवत, झुडपे, पुढे झाडेही उगवत. खालच्या टोकाला जुने लाकूड कुजून सुटत असे आणि वरच्या टोकाला नवे येऊन चिकटत असे, त्यामुळे तो सारा तराफा वर्षानुवर्षे, एखाद्या संथ अजगरासारखा, प्रवाहाच्या उलट दिशेला सरकत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची लांबी सुमारे १६० मैल होती. १८३३ मध्ये कॅप्टन हेन्री मिलर श्रीव्ह यांना सरकारने तो काढण्याच्या कामगिरीवर पाठविले. पाण्यात रुतलेली झाडे उपटून काढणारी दोन सांगाडे शेजारी जोडलेली वाफेची बोट त्यांनी आधीच बनवून यशस्वी करून दाखविली होती. तशाच बोटी घेऊन त्यांनी पाच वर्षे खपून १८३८ मध्ये नदी मोकळी केली, आणि त्या काठी जे नगर वसले त्याला त्यांच्या नावावरून श्रीव्हपोर्ट हे नाव मिळाले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही एका पराक्रमाची कथा आहे, आणि ती पराक्रमाची आहेच; तिचे श्रेय हिरावून घेण्याचा माझा उद्देश नाही. परंतु त्या तराफ्याच्या भोवती पाणी पसरून जी सरोवरे आणि दलदली निर्माण झाल्या होत्या, त्यांत मासे होते, पाणपक्षी होते, आणि त्यांच्या आसऱ्याला कॅडो जमातीची गावे होती. नदी बंद होती म्हणून बोटी येत नव्हत्या, आणि बोटी येत नव्हत्या म्हणून जमीन हवी असणारे लोक येत नव्हते. ज्याला वॉशिंग्टनचे दफ्तर अडथळा म्हणत होते, तो कॅडोंच्या दृष्टीने गावाचा तट होता. तराफा निघू लागला आणि १ जुलै १८३५ रोजी त्यांच्याकडून करार लिहून घेण्यात आला. ८०,००० डॉलरच्या मोबदल्यात, तोही बराचसा हप्त्यांनी, त्यांनी आपला तेथील सारा मुलूख सोडावा आणि संयुक्त संस्थानांच्या हद्दीबाहेर निघून जावे असे त्यात ठरले. ते टेक्ससमध्ये गेले, जे तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होते. तेथूनही १८५९ मध्ये त्यांना उत्तरेस, आजच्या ओक्लाहोमात, हलविण्यात आले. कोंडी हा शब्द उच्चारताना आपण नेहमी पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्याच्या बाजूने उभे असतो; जो अलीकडे, त्या साचलेल्या पाण्याकाठी, राहत होता त्याच्या भाषेत त्याच लाकडाला वेगळे नाव असते, आणि ते नाव कराराच्या कागदावर येत नाही. हे मला श्रीव्हपोर्टच्या नदीकाठावर उभे असताना फार तीव्रतेने जाणवले, आणि या पुस्तकातील पुढचा प्रत्येक शब्द लिहिताना मी ‘ही कोंडी कोणाची?’ हे स्वतःला विचारीत गेलो.

रेड नदीनेही इतक्या सहजासहजी हार मानली नाही. देखभाल थांबताच वरच्या भागात तराफा पुन्हा जमू लागला, आणि तो अखेरचा निघण्यासाठी १८७३ साल उजाडावे लागले. त्या वेळी नायट्रोग्लिसरीनचे स्फोट करून काम चालले होते, आणि त्याचे प्रमुख होते सैन्याच्या अभियांत्रिकी खात्यातील लेफ्टनंट युजीन वुड्रफ. त्याच वर्षी श्रीव्हपोर्टमध्ये पीतज्वराची साथ आली; वुड्रफ गाव सोडून न जाता आजाऱ्यांच्या शुश्रूषेला राहिले आणि त्या साथीतच सप्टेंबरात मरण पावले. उरलेले काम त्यांचे बंधू जॉर्ज यांनी नोव्हेंबरात तडीस नेले. नदी वाहू लागली, सरोवरांचे पाणी उतरले, आणि ज्या टेक्ससमधील जेफर्सन गावापर्यंत त्या तुंबलेल्या पाण्यामुळेच आगबोटी येऊ शकत होत्या, त्याचा सारा व्यापार बसला. एका ठिकाणची वाट मोकळी करताना दुसरीकडची बंद झाली.

शहरांच्या भाषेतील शब्दांसाठी मी त्या मानाने थोडी पाने दिली आहेत, कारण त्यांची कथा लहान आहे. मॅनहॅटनमधील रस्ते १८११ च्या आराखड्याने काटकोनांच्या जाळीत आखले गेले. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या आणि बसगाड्या चालविणाऱ्यांनी ११ दिवस संप केला. सगळे लोक मोटारी घेऊन निघतील आणि प्रत्येक चौकात आडव्या गाड्या उभ्याच्या आणि उभ्या गाड्या आडव्याच्या आड येऊन साऱ्या जाळीला कुलूप लागेल, अशी भीती वाहतूक खात्याला वाटत होती. त्या भीतीला नाव होते ‘ग्रिडलॉक’. खात्यातील अभियंते सॅम श्वार्त्झ यांच्यामुळे ते वर्तमानपत्रांत गेले, आणि काही वर्षांतच रस्ता सोडून कायदेमंडळात जाऊन बसले. ओंडका गेला, मोटार आली. अर्थ तोच राहिला.

‘फिलिबस्टर’ मात्र निराळ्या कुळातला आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ स्वैर लुटारू. तो स्पॅनिशमधून इंग्रजीत आला, १८५० नंतर निकाराग्वासारख्या परमुलखावर खाजगी फौज घेऊन चालून जाणाऱ्या विल्यम वॉकरसारख्या साहसी लोकांना लावला गेला, आणि मग सिनेटमध्ये अखंड भाषण करून कामकाज रोखणाऱ्याला. २८ ऑगस्ट १९५७ रोजी साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध उभे राहिले ते २४ तास १८ मिनिटे बोलत राहिले. येथे हात आहे, आणि हेतूही आहे. हा शुद्ध मराठी अर्थाने घातलेला खोडा. १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी वादविवाद बंद करण्याचा ठराव संमत होऊन नागरी हक्कांच्या मोठ्या कायद्याची वाट मोकळी झाली, तेव्हा एक संपूर्ण समाज ज्याची शतकभर वाट पाहत होता ते घडले. खोड्याला कोंडी म्हणू नये, हा विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण कोंडी म्हटले की अपराध कोणाचाच राहत नाही, आणि ज्याने अडविले तो त्या शब्दाच्या सावलीत सुखाने उभा राहू शकतो.

शेवटच्या भागात जो शब्द आहे तोही लाकडाचाच आहे, आणि तो मराठी कुटुंबांच्या अगदी जवळचा आहे. ‘बॅकलॉग’ म्हणजे मुळात चुलाण्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला मोठा, बहुधा ओला ओंडका. न्यू इंग्लंडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात पुढची लहान लाकडे जळून जात, पण हा मागचा ओंडका रात्रभर धुमसत राहून ऊब राखी. आपल्याकडे निखारे राखेत पुरून विस्तव राखीत, त्यासारखीच ही सोय. म्हणून बॅकलॉग म्हणजे आरंभी शिल्लक, आधार, पुढील दिवसांची तरतूद. कारखानदार आपल्यापाशी मागण्यांचा बॅकलॉग आहे असे अभिमानाने सांगत. विसाव्या शतकात तोच शब्द हळूहळू उलटला आणि ‘न झालेल्या कामाची थकबाकी’ असा त्याचा अर्थ झाला. मराठीने त्याला ‘अनुशेष’ हा प्रतिशब्द दिला, आणि तो इतका समर्पक आहे की त्याचा कर्ता कोण हे कळले तर मी त्याला नमस्कार करीन. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्रातील प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक भरला. तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यालाही हा संस्कृत शब्द तोंडपाठ आहे. शेष म्हणजे उरलेला, आणि पुराणांत पृथ्वी ज्याच्या मस्तकावर आहे तोही शेषच. मागे उरतो तोच भार वाहतो, हे मूळ बॅकलॉगलाही लागू पडते.

या देशातील मराठी घरांत मात्र हा शब्द उच्चारला की सर्वांना एकच गोष्ट आठवते. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० ठरविले, त्यांत नोकरदाराची पत्नी वा पती आणि मुलेही मोजली जातात. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असे बंधन घातले. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दहा वर्षांपलीकडे कधीच गेली आहे. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारे परराष्ट्र खात्याचे पत्रक दर महिन्याला निघते, आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाचे द्रोण हातात पडताच पहिला प्रश्न येतो तो ‘डेट किती सरकली?’ हा. कधी ती एक आठवडा पुढे सरकते, कधी एकदम दोन वर्षे मागे जाते. कोणी आईच्या आजारपणात भारतात जावे की न जावे याचा निर्णय त्या तारखेवर ठेवतो. कोणाचे मूल २१ वर्षांचे होत आले आणि वयाच्या मर्यादेमुळे आईबापांच्या अर्जातून ते गळून पडेल या काळजीने घरात दुसरा विषय निघत नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी आपल्या मुलीच्या जन्मापूर्वी अर्ज केला होता. ती आता माझ्याशी स्वच्छ मराठीत शाळेतल्या इतिहासाविषयी बोलते, आणि अर्ज अजून तेथेच आहे. या रांगेतील कोणीही दुसऱ्याचे वाईट चिंतीत नाही. तरीसुद्धा प्रत्येकाचा अर्ज मागच्याच्या अर्जापुढे उभा आहे, आणि अँगल रॉकवरच्या ओंडक्यांविषयी मी जे लिहिले ते मला येथे जसेच्या तसे लागू पडताना दिसते. मात्र येथे खडक नदीने घडविलेला नाही. तो कायद्याच्या कलमात आहे, माणसांनी लिहिलेला आहे, आणि माणसांना तो बदलता येतो. म्हणून या प्रकरणात कोंडी आणि खोडा यांच्यातील सीमा मला इतर कोठल्याही प्रकरणापेक्षा काळजीपूर्वक आखावी लागली.

हे सर्व लिहून झाल्यावर मी एकदा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन संस्थानातील एल्व्हा नदी पाहावयास गेलो. त्या प्रदेशात गेल्या शतकाच्या मध्यावर मत्स्यखात्याची माणसे ओढ्या-नद्यांतून पडलेली झाडे खणून काढीत असत, कारण सामन मासे प्रवाहाच्या वर चढून येतात आणि ते लाकूड त्यांच्या वाटेत आडवे येते अशी समजूत होती. लाकूड गेले, पाणी सरळ आणि वेगवान झाले, आणि मासे कमी होत गेले. मग ध्यानात आले की त्या अडकलेल्या ओंडक्यांच्या मागेच खोल, गार डोह होत होते, पिल्ले तेथेच विसावत होती आणि अंडी घालावयास लागणारी खडी तेथेच साठत होती. आता त्याच प्रदेशात अभियंते मुळ्यांसकट मोठी झाडे आणून, मोजमाप करून, नदीत मुद्दाम कोंड्या बांधतात. एल्व्हावरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढून टाकली गेली; त्याच नदीच्या खालच्या अंगाला क्लालम जमातीने अशा ओंडक्यांच्या कोंड्या स्वतः उभ्या करविल्या आहेत. एकाच नदीवर माणसांनी काँक्रीट काढले आणि लाकूड घातले.

तेथे काठावर बसलो असताना मला महाडजवळच्या काळ नदीवरील वाळणकोंड आठवला. कोकणात नदीतील खोल डोहाला कोंड म्हणतात; वाळणच्या त्या कोंडात वरदायिनी देवीचे म्हणून मानलेले मोठमोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या निर्भय राहत आले आहेत, कारण ते कोणी धरीत नाही. लहानपणी वडिलांनी मला तेथे नेऊन हातात मूठभर चुरमुरे दिले होते. चुरमुरे पाण्यावर पडताच ते काळे पाणी खालून हलले आणि कितीतरी पाठी एकदम वर आल्या, ते मला अजून दिसते. ‘कोंडी’ आणि ‘कोंड’ हे दोन शब्द मी त्यापूर्वी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. एल्व्हाच्या काठावर ते ठेवले, आणि घरी परतल्यावर पहिले प्रकरण पुन्हा लिहावयास घेतले.